फिट आली की चप्पल नको, घड्याळ बघा

आज सांगली स्टँडवर एकाला फिट आली. लोकांनी नेहमीप्रमाणे आधी कांदा शोधला, मग चप्पल. अहो, वासाने फिट थांबत नाही! बहुतेक वेळा ती २-३ मिनिटांत आपोआप थांबते आणि नाव चपलेचं होतं. तोंडात चमचा तर घालूच नका. दात तुटतात, आणि जीभ काही गिळली जात नाही. हातपाय दाबून धरू नका. डोक्याखाली घडी केलेला टॉवेल, गळ्याचं बटण सैल. झटके थांबले की कुशीवर वळवा, लाळ बाहेर येऊ दे. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी नाही. ५ मिनिटं उलटली किंवा लागोपाठ दुसरी आली तर १०८. आणि उपास आहे म्हणून गोळी चुकवू नका, फिट परत येण्याचं ते नेहमीचं कारण. साबुदाण्याच्या खिचडीवरही गोळी चालते.