मेगारेड कार्डावर कॅशकेड: लायसन्सपासून राइट-बॅकपर्यंत

मेगारेड म्हणजे सर्व्हरमधल्या डिस्का सांभाळणारं रेड कंट्रोलर कार्ड, आणि कॅशकेड म्हणजे हार्डडिस्कवरचा वारंवार लागणारा डेटा वेगवान एसएसडीवर ठेवणारी (म्हणजे एसएसडीची कॅश करणारी) त्याची सोय. मेगारेडच्या कार्डावर कॅशकेड प्रो २.० चालू करायचं तर सुरुवातीलाच मी एक गोष्ट ठरवून टाकतो: कॅश नुसती रीडसाठी, की राइटसाठीही? रीडपुरती असेल तर एसएसडी मेली तरी फक्त वेग जातो, कारण मूळ डेटा हार्डडिस्कवर असतोच. राइटसाठीही असेल, म्हणजे राइट-बॅक, तर ताजा डेटा काही काळ एसएसडीवरच असतो. त्यामुळे तिथे एका एसएसडीवर भागवू नये. दोन एसएसडींचं रेड १ करावं, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा राहतो, आणि दोन्ही पॉवर-लॉस प्रोटेक्शनवाल्या (वीज गेली तरी डेटा न गमावणाऱ्या) असाव्यात. एका कंट्रोलरला कॅशची मर्यादा ५१२ जीबी. ४८० जीबीची जोडी रेड १ मध्ये नीट बसते, मोठ्या डिस्कचे पैसे वाया.

कॅशकेडचं लायसन्स दोन तऱ्हांनी मिळायचं. हार्डवेअर की म्हणजे कार्डावरच्या पिनांवर बसणारा छोटा तुकडा. सर्व्हर बंद करून लावायचा. सॉफ्टवेअर की कार्डाचा सिरीयल नंबर आणि सेफ-आयडी (त्या कार्डाची स्वतःची ओळख-संख्या) यांवरून तयार व्हायची. सेफ-आयडी स्टोरसीएलआय या कार्डाच्या कमांड-लाइन टूलमधून काढावा आणि हाताने न टंकता कॉपी करावा. सर्व्हरमध्ये दोन कार्डं असतील तर शून्य आणि एक नंबरच्या कार्डांची अदलाबदल हमखास होते, मग की नाकारली जाते. की टाकताना आधी प्रिव्ह्यू पर्याय वापरला की कोणतं फीचर चालू होणार ते दिसतं. कार्ड जळालं तर हार्डवेअर की उचलून दुसऱ्यावर लावता येते; सॉफ्टवेअर की मात्र नव्या सेफ-आयडीवर रीहोस्ट करावी, म्हणजे नव्या कार्डाच्या नावे करून घ्यावी लागायची. म्हणून माझी पसंती हार्डवेअर कीलाच.

एसएसडींचा कॅशकेड व्हर्च्युअल ड्राइव्ह (कार्डाने डिस्का जोडून बनवलेला एकच ड्राइव्ह) बनवला म्हणजे झालं नाही. ज्या ड्राइव्हला कॅश हवी त्याला तो जोडावा लागतो, म्हणजे त्या ड्राइव्हवर एसएसडी कॅशिंग ऑन करायचं. डेटाचा ड्राइव्हच एसएसडींचा बनलेला असेल तर त्याला कॅश जोडता येत नाही.

'काहीच फरक नाही' ही तक्रार बहुतेकदा चाचणीमुळे येते. मोठी फाइल सलग कॉपी करून बघाल तर कॅशचा उपयोग दिसणारच नाही. तिचा फायदा पुन्हापुन्हा लागणाऱ्या, विखुरलेल्या ब्लॉकना. ८ टीबीवर एकसारखं रँडम रीड केलं तर ४८० जीबी कॅशमध्ये जेमतेम ६ टक्के सापडणार. फायो हे डिस्कचा वेग मोजणारं टूल वापरताना डायरेक्ट आयओ लावा, म्हणजे सर्व्हरची रॅम टाळून थेट डिस्कशी काम होतं; नाहीतर रॅमच मोजली जाते. चाचणीचा डेटा कार्डाच्या रॅमपेक्षा बराच मोठा, पण कॅशपेक्षा लहान ठेवा आणि पहिली फेरी मोजू नका, तेव्हा कॅश रिकामीच असते.

काढताना घाई नको. आधी राइट-थ्रू करा (म्हणजे नवा डेटा थेट हार्डडिस्कवर जातो), साठलेला डेटा हार्डडिस्कवर उतरू द्या, मग कॅशला जोडलेले ड्राइव्ह सोडवा आणि शेवटी कॅशकेड ड्राइव्ह डिलीट करा. मेगारेडच्या नंतरच्या ९४०० मालिकेच्या कार्डांत कॅशकेड नाही, त्यामुळे तिकडे डिस्क हलवण्याआधी हे सगळं जुन्या कार्डावरच उरकावं लागतं.