खालच्या मजल्यावरून ऐकलेली सायकल

पुण्यातल्या पावसाळ्यात पहाटे सायकल बाहेर काढण्याचा कंटाळा येऊन मी एका जूनमध्ये एक स्वस्त चुंबकीय ट्रेनर घेतला. सायकलीचे मागचे चाक लोखंडी रोलरवर दाबून बसवायचे आणि जागच्या जागी पेडल मारायचे, एवढेच त्याचे काम. चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यात गाठले आणि अगदी कौतुकाने विचारले, "घरघंटी घेतलीत वाटतं? पण पहाटे साडेपाचला कसलं हो दळण काढता?"

त्याच संध्याकाळी मुलाला सायकलवर बसवून मी काकूंच्या खोलीत जाऊन उभा राहिलो. आमच्या खोलीत टायरची जी तीक्ष्ण किरकिर कान किटवत होती, तिचा खाली मागमूसही नव्हता. मात्र छतातून एक जाड, सलग घरघर उतरत होती आणि पंख्याच्या दांडीवरची वाटी त्या तालावर बारीक किणकिणत होती. हवेतून येणारा आवाज दाराने आणि भिंतींनी बराच अडतो. यंत्राच्या पायांतून फरशीत आणि फरशीतून स्लॅबमध्ये उतरणारी कंपने मात्र पाच-सहा इंच काँक्रीटला फारशी जुमानत नाहीत. कंपन्या जाहिरातीत जे डेसिबल छापतात, ते हवेतल्या आवाजाचे असतात. दहा डेसिबल कमी झाले की आवाज कानाला साधारण निम्मा वाटतो, त्यामुळे आपल्याच घरात शेजारच्या खोलीत झोपलेल्यांसाठी तो आकडा महत्त्वाचा आहेच; पण काकूंच्या पंख्याच्या वाटीबद्दल तो काहीच सांगत नाही.

रोलरवर चाक टेकवणाऱ्या ट्रेनरमध्ये मुख्य गोंगाट टायरचा असतो. माउंटन बाइकचा खाचाखाचांचा टायर त्यावर चढवला, तर खोलीत ट्रॅक्टर शिरल्याचा भास होतो. गुळगुळीत टायरने बराच फरक पडतो. पंख्याच्या पात्यांनी रोध निर्माण करणारे ट्रेनर सर्वांत कर्कश, तर द्रवाचा रोध वापरणारे त्यामानाने सौम्य असतात.

डायरेक्ट ड्राइव्ह प्रकारात मागचे चाकच काढून सायकल थेट ट्रेनरवरच्या कॅसेटला, म्हणजे गिअरच्या दातेरी चकत्यांच्या संचाला, जोडतात. टायर नाही म्हणजे त्याची किरकिरही नाही. उरतो तो चेनचा आवाज आणि आतल्या पट्ट्याची हलकी गुणगुण. टॅक्स निओसारख्या काही यंत्रांत तो पट्टाही नसतो. मी शेवटी याच प्रकारातले एक जुने यंत्र घेतले. मात्र घेण्यापूर्वी आपल्या सायकलीचे मागचे चाक नीट पाहावे. आपल्याकडच्या अनेक हायब्रिड सायकलींना आट्यांवर बसणारे सात गिअरचे फ्रीव्हील असते, आणि ट्रेनरला लागते ती सरकवून बसवायची कॅसेट. माझ्या एका मित्राला हे यंत्र घरी आल्यावर कळले. अशी जोडाजोड नको असेल, तर चुंबकीय रोधाची आणि पट्ट्यावर चालणारी स्पिन बाइक, म्हणजे जागच्या जागी चालवायची व्यायामाची सायकल, बरी, कारण तिच्यात चुंबक चाकाला न शिवताच त्याला मागे खेचतो. नमद्याच्या पॅडने चाक दाबणाऱ्या स्वस्त स्पिन बाइकची सरसर मात्र कायम ऐकू येते.

नवे यंत्र आले तरी काकूंचा पंखा पूर्ण गप्प झाला नाही. मग मी जागा बदलली. स्लॅब मधोमध सर्वांत जास्त हलतो, तर भिंतीजवळ आणि बीमलगत सर्वांत कमी. शिवाय नाण्याने टकटक करत गेलो, तेव्हा मी निवडलेल्या जागेतल्या दोन फरश्या पोकळ निघाल्या. यंत्र त्यांच्यावर ठेवणे म्हणजे ढोलावर ठेवणेच होते. योगा मॅटचा उपयोग शून्य, कारण ट्रेनरच्या पायांखाली ती चेपून पापडासारखी होते. खाली व्यायामशाळेत वापरतात तसल्या घट्ट रबराचे दोन थर आणि वर अठरा मिलिमीटरचे प्लायवूड, म्हणजे भार पसरतो, अशी मांडणी केली, आणि वाटी थांबली. (प्लायवूडवरून घरात झालेली चर्चा येथे देत नाही.)

आता खोलीतला सर्वांत मोठा आवाज उभ्या पंख्याचा आहे, पण त्याला इलाज नाही. घरात समोरून वारा येत नाही, घाम थेट हँडलवर आणि हेडसेटवर (हँडल ज्यात फिरते त्या बेअरिंगवर) गळतो आणि त्यातल्या मिठाने बोल्ट गंजतात. त्या पंख्यासाठी दार लावून घेणे पुरते. चेनला वेळेवर तेल घातले की तिची कुरकुरही मिटते.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा समजली. स्मार्ट ट्रेनर, म्हणजे रोध स्वतःच कमी-जास्त करणारा ट्रेनर, ठरावीक वॅटवर लावलेला असला, की गिअर कोणताही असो, पायांना ताकद तेवढीच लावावी लागते. पण पुढची छोटी चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती) आणि मागची मोठी चकती निवडली, तर आतले फ्लायव्हील, म्हणजे जड चाक, हळू फिरते आणि यंत्राचा सूर खाली येतो. त्यामुळे पहाटे मी छोट्या रिंगवरच राहतो आणि सीटवरून उठून मारायचे स्प्रिंट सातनंतर, काकूंचा चहा झाल्यावर उरकतो.