‘देवदास’चा शेवट आणि मूळ कादंबरीशी इमान

शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांच्या ‘देवदास’ कादंबरीत पार्वती बंद होत जाणाऱ्या दरवाजाकडे धावत जात नाही. चित्रपट आधी पाहून मग कादंबरी हाती घेणाऱ्या वाचकाला या गोष्टीचे फार आश्चर्य वाटते, कारण तो दरवाजा आपल्या मनात कथेचाच अविभाज्य भाग होऊन बसलेला असतो. कादंबरीत मात्र पांडुआ स्टेशनवर उतरून बैलगाडीने हातिपोत्याला, पार्वतीच्या सासरी पोहोचलेला देवदास तिच्या नवऱ्याच्या, चौधरींच्या वाड्यासमोर झाडाखाली रात्रभर पडून राहतो आणि सकाळी मरतो. गावातले कुणी त्याच्या शवाला हात लावायला तयार होत नाही, आणि चांडाळांकरवी ते कसेबसे, अर्धवट जाळले जाते. वाड्याच्या आत असलेल्या पार्वतीला कुणीतरी अनोळखी माणूस दारात मेल्याचे कळते. तो कोण होता हे तिला सावत्र मुलाकडून, महेंद्रकडून कळते तेव्हा सगळे उरकलेले असते. त्यानंतर ती धावते, तिला धरून आत आणले जाते, ती बेशुद्ध पडते आणि दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यावर दासीला एवढेच विचारते की ते रात्रीच आले होते ना, रात्रभर इथेच होते ना.

कादंबरीचे पडद्यावर प्रामाणिक रूपांतर म्हणजे काय, या प्रश्नाचा विचार करताना मी नेहमी याच जागी येऊन थांबतो. प्रमथेश बरुआ यांनी न्यू थिएटर्ससाठी १९३५ साली बंगाली ‘देवदास’ केला आणि पुढच्याच वर्षी कुंदनलाल सैगल यांना घेऊन हिंदी. दरवाजाकडे धावणारी पारो, म्हणजे पार्वती, तेव्हापासून रूढ झाली. बिमल रॉय यांच्या १९५५ च्या चित्रपटातही ती आहे आणि संजय लीला भन्साळी यांच्या २००२ च्या चित्रपटात तर लांबलचक पदर मागे सोडत ती धावते. दृश्य म्हणून त्याची ताकद मी नाकारत नाही. दोन माणसे, मध्ये मिटत जाणारी दोन दारे, एवढ्यावर सगळी शोकांतिका एका चौकटीत मावते. पण त्यामुळे कथेतला दोष कुणाच्या पदरात पडतो तेच बदलते. दरवाजा मिटतो तेव्हा दोषी ठरते ती घराण्याची प्रतिष्ठा, नवऱ्याचा हुकूम, थोडक्यात समाज. कादंबरीत त्या निर्णायक रात्री पार्वतीला कुणीही अडवलेले नाही. ती हाकेच्या अंतरावर आहे आणि तिला ठाऊकच नाही. तो इतक्या उशिरा आला की भेटीला अर्थच उरला नाही, आणि हा उशीर त्याने स्वतः वर्षानुवर्षे साठवत आणलेला आहे.

शरच्चंद्रांनी समाजाला मोकळे सोडले आहे असे मुळीच नाही. पार्वतीचे चक्रवर्ती घराणे मुलीच्या लग्नात पैसे घेणारे, म्हणून देवदासच्या मुखर्जी घराण्याच्या दृष्टीने हलके. शिवाय शेजारच्याच घरात सोयरिक करणे त्यांना कमीपणाचे वाटते. ही कारणे लेखकाने स्पष्ट नोंदवली आहेत आणि जे रूपांतर ती गाळून नुसत्या श्रीमंत-गरीब भेदावर किंवा दोन आयांच्या भांडणावर सगळे निभावते, ते बंगालमधल्या त्या काळाच्या जातिव्यवस्थेचा नेमका भाग पुसून टाकते. पण कादंबरीचा खरा सांधा त्या पत्रात आहे. पार्वती लोकलाज बाजूला ठेवून रात्री एकटी देवदासच्या खोलीत जाते, त्याच्या पायाशी आसरा मागते. तो वडिलांशी बोलून पाहतो, त्यांचा राग ओढवून घेतो, कोलकात्याला निघून जातो आणि तिथून तिला लिहितो की आपले तिच्यावर फार प्रेम होते असे आपल्याला कधी वाटलेच नाही. पत्र टाकल्याबरोबर त्याला पश्चात्ताप होतो. त्यानंतरचा देवदास हा त्या पत्राचा परिणाम आहे, वडिलांच्या नकाराचा तितकासा नाही. म्हणूनच त्याच्या दुबळेपणाला पडद्यावर सुंदर करण्याचा मोह ज्याला आवरता येतो, त्याच दिग्दर्शकाला मी या कादंबरीशी इमान राखणारा म्हणेन.

बिमल रॉय यांना तो बऱ्याच अंशी आवरता आला. सैगलच्या ‘देवदास’चे छायालेखन त्यांचेच होते, त्यामुळे ही कथा कॅमेऱ्यातून कशी दिसते हे ते जवळजवळ वीस वर्षे मनात बाळगून होते, त्यांनी स्वतःचा चित्रपट बरुआ आणि सैगल यांच्या स्मृतीला अर्पण केला. त्याआधी १९५३ मध्ये ‘परिणीता’ आणि १९५४ मध्ये ‘बिराज बहू’ अशा शरच्चंद्रांच्याच दोन कथांवर त्यांनी चित्रपट केले होते. नबेंदु घोष यांची पटकथा आणि राजिंदरसिंग बेदी यांचे संवाद यांनी कादंबरीतला बालपणीचा भाग मनापासून घेतला आहे, आणि तो घेतल्याशिवाय पुढचे काहीच पटत नाही. पार्वतीवर हात उगारणारा, तिच्यावर हक्क गाजवणारा, आणि तरीही तीच ज्याचा एकमेव आधार आहे असा मुलगा आपण पाहिलेला असतो, म्हणून दिलीपकुमार जेव्हा जवळजवळ पुटपुटल्यासारखे बोलतात तेव्हा त्या आवाजात एक मोठा न झालेला मुलगा ऐकू येतो.

मूळ कथेत नसलेले एक दृश्यही बिमल रॉय यांनी घातले आहे. देवदासवर जीव जडलेली, त्याच्या शोधात गावाकडे पायी निघालेली कोठ्यावरची चंद्रमुखी आणि पालखीतून जाणारी पारो रस्त्यात एकमेकींना क्षणभर पाहतात आणि आपापल्या वाटेने जातात. कादंबरीत या दोघी कधीच भेटत नाहीत. तरीही हे दृश्य मला अप्रामाणिक वाटत नाही, कारण एकाच माणसावर जीव लावलेल्या दोन स्त्रियांचे एकमेकींना न ओळखणे हे जे शरच्चंद्रांनी रचले आहे, तेच इथे डोळ्यांना दिसते. भन्साळींच्या चित्रपटात याच दोघी एकत्र नाचतात. ऐश्वर्या राय आणि माधुरी दीक्षित यांचे ते नृत्य देखणे आहे, त्यामागचे कष्ट उघड दिसतात, पण त्या क्षणी कथा दुसरीच कुठली तरी होते. प्रेमाने दोघींना एकत्र आणले, असे सांगणारी कथा ‘देवदास’ नव्हे. इथे प्रेमाने प्रत्येकीला वेगवेगळ्या घरात एकटे ठेवले आहे.

कपाळावरच्या जखमेबाबतही असेच घडते. लग्न ठरल्यावर घाटावर भेटलेली पार्वती देवदासला सुनावते की आईबाप तुम्हाला आहेत तसे मलाही आहेत, आणि त्याचा अहंकार दुखावून तो हातातल्या मासे धरायच्या काठीने तिच्या कपाळावर घाव घालतो. रक्त येते, मग तोच कपडा फाडून पट्टी बांधतो. २००२ मध्ये काठीच्या जागी मोत्यांचा हार आला. यात मला अडचण दिसते ती अशी की हाराने मारणे हा शृंगाराचा भाग होतो, तर काठीने मारणे ही निव्वळ हिंसा आहे, आणि लेखकाला ती हिंसाच दाखवायची होती. कादंबरीच्या अगदी शेवटी निवेदक वाचकांना विनवतो की मरण आले तरी हरकत नाही, पण त्या वेळी एखादा मायेचा हात तरी कपाळाला लागावा. ज्याने दुसऱ्याच्या कपाळावर घाव घातला त्याच्या कपाळासाठी ही याचना आहे. काठी बदलली की शेवटची ही याचनाही हलकी होते, असे माझे ठाम मत आहे.

तो निवेदकच रूपांतरात सर्वांत अवघड आहे. शरच्चंद्रांनी ‘देवदास’ विशी-पंचविशीत लिहिली, छापायला बराच काळ मन घेतले नाही, आणि ती १९१७ साली प्रसिद्ध झाली. तिच्या अखेरीस निवेदक देवदासला असंयमी आणि पापी म्हणतो आणि त्याच दमात त्याच्यासाठी प्रार्थना करायला सांगतो. पडद्यावर हा निवेदक नाहीसा झाला की आपल्यासमोर फक्त रुबाबदार नट, दारू आणि गाणी उरतात, आणि आपण त्याच्यासाठी प्रार्थना करण्याऐवजी त्याच्यासारखे व्हावेसे वाटून घेतो. पिढ्यान्‌पिढ्या तरुणांनी देवदास हे बिरुद अभिमानाने लावून घेतले, त्यामागे पडद्याने निवेदकाचा आवाज घालवणे हे एक कारण असावे. मराठीत शरच्चंद्रांचे साहित्य मामा वरेरकरांनी अनुवादांतून घरोघर पोहोचवले, तरी ‘देवदास’ आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक आहे तो हिंदी पडद्यावरचाच.

काही ठिकाणी मात्र मूळ कादंबरीपासून दूर जाणेच योग्य आहे. रात्री देवदासच्या खोलीत जाणारी पार्वती कादंबरीत अवघी तेरा वर्षांची आहे. ते वय आज पडद्यावर जसेच्या तसे आणण्याचा हट्ट कुणी धरू नये, आणि सगळ्या दिग्दर्शकांनी प्रौढ अभिनेत्री घेतल्या हे बरोबरच केले.

आता अनेक भागांच्या मालिकांचा काळ आहे आणि तीन तासांच्या चित्रपटात जे बसत नव्हते ते त्यात सहज बसेल. मला सर्वांत जास्त ओढ आहे ती चंद्रमुखीच्या अशथझुरी गावातल्या दिवसांची. ती धंदा सोडते, दागिने विकते, त्या लहानशा गावात मातीच्या घरात राहून गोरगरिबांच्या उपयोगी पडते, देवदासची काही वार्ता मिळेल म्हणून त्याच्या गावापर्यंत, तालसोनापूरपर्यंत चालत जाते, आणि तो सापडत नाही म्हणून पुन्हा कोलकात्याला येऊन, सोडलेला तोच वेश अंगावर चढवून त्याला शोधते. कोठ्यावरच्या झगमगाटापुढे हा भाग प्रत्येक चित्रपटात आखडला गेला आहे. कादंबरीतले पूर्णपणे मोठे झालेले एकमेव माणूस कदाचित हीच बाई आहे, आणि तिच्या वाट्याला निदान दोन सबंध भाग यायला हवेत.