टाचेतला दोरा

नगरहून निघताना मी चपलेची काळजी घेतली नव्हती, वाक्याची घेतली होती. वाक्य भावासाठी होतं. आईच्या दवाखान्याच्या खर्चावरून त्याने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे लिहिलं, त्याचं उत्तर आठ महिने मनात घोटत होतो. तीन मुद्दे. तिसरा असा की ऐकून माणूस जागेवर बसेल.

आमचं घर मिशन कंपाउंडातलं, प्रॉटेस्टंट. मतमाउलीच्या, म्हणजे हरेगावच्या मारियामातेच्या, यात्रेला पायी जाणं आमच्यात बसत नाही. पण सासरवाडी कॅथलिक, आणि मेव्हणा म्हणाला, "दाजी, एकदा चाला तर." म्हणून सप्टेंबरात हरेगावच्या दिंडीत मी. पुढे टेंपोत फुलांनी सजवलेली माउली, मागे खरखरणारा स्पीकर, आणि अखंड जपमाळ. दहा-दहा मण्यांची पाच दशकं, पन्नास वेळा तीच प्रार्थना, की लगेच पुढची माळ. पहिल्या दिवशी मी ओठ मिटून चाललो. दुसऱ्या दिवशी ओठ आपोआप हलायला लागले, तेव्हा स्वतःचाच राग आला.

राहुरीत ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक राहिले होते, मी मेव्हण्याला सांगितलं. त्यांचा बाप्तिस्मा १८९५चा, बायकोचा, लक्ष्मीबाईंचा, थेट १९००चा, एकाच संसारात पाच वर्षांचं अंतर. तो म्हणाला, "चहा घेणार का?"

खरं तर मी मनाच्या नवीकरणासाठीच निघालो होतो. रोमकरांस पत्र, १२ वा अध्याय, २ रं वचन. वर्षभर ते फ्रिजवर चिकटवलेलं आहे. घराची डागडुजी काढावी तसं काढलं होतं मी ते: पहाटे अध्याय, वहीत तारीख, राग आला की फुली. फुल्यांनी वही भरली. भावाला टाकायच्या तिसऱ्या मुद्द्याला मात्र धार चढतच गेली.

देवळाली प्रवराच्या अलीकडे दुपारी टाच बोलायला लागली. ऊन सप्टेंबरचं, पावसानंतरचं, चिकट. दोन्हीकडे ऊस, वारा नाही. फोड रुपयाएवढा होता, त्याचा पेढा झाला. दिंडी पुढे गेली, जपमाळेचा आवाज पातळ झाला आणि मी एका वस्तीसमोर लिंबाखाली बसलो. मनात भाऊ होताच.

"ओ दादा, पाय दाखवा." साठीची बाई, हाताला शेणाचा वास. माझ्या 'राहू द्या'कडे तिने लक्षच दिलं नाही. हात धुऊन आली, सोबत वाटीत तेल-हळद, सुई आणि पांढरा दोरा. सुई चुलीत धरली, दोरा तेलात बुडवला. टाच मांडीवर घेतली. अनोळखी बाईच्या मांडीवर माझा धुळीचा पाय! मी ओढून घेतला. तिने परत ओढला.

"कुठं चाललात?"

"हरेगावला."

"मतमाउलीला? आम्हीबी जातो की यात्रेला. पोरांना पाळण्यात बसायचं असतं." सुई फोडाच्या एका बाजूने आत, दुसरीने बाहेर. काही दुखलं नाही, नुसतं गार वाटलं. "हे सासूनं शिकवलं, पंढरीच्या वाटेवर. तिचे पाय असेच व्हायचे."

दोरा तिने गाठ न मारता दोन्हीकडे बोटभर सोडला. पाणी त्याच्या टोकाशी थेंब धरायला लागलं. मला वाटलं, दाबून काढावं, लवकर मोकळं होईल. बोट नेलं तर तिने चापट मारली.

"ओढायचं नाही, दाबायचं नाही. कातडं निघंल. निघू द्या त्याचं ते."

निघू द्या. रूपांतर होऊ द्या, असंच लिहिलंय फ्रिजवर. करा असं नाही. वर्षभर रोज वाचून हे दिसलं नव्हतं. पण त्या क्षणी फार काही वाटलं नाही, खरं सांगतो. तहान लागली होती. तिने तांब्या दिला, पैसे घेतले नाहीत, आणि म्हैस ओरडली म्हणून उठून गेली. नाव विचारायचं राहिलं.

बेलापूर, श्रीरामपूर लंगडत गेले. हरेगावात गर्दी, मेणबत्त्यांचा धूर, पाळण्यांचे भोंगे. मी मेणबत्ती लावली की नाही, हे कंपाउंडात कुणाला सांगणार नाही. मिस्साच्या, कॅथलिकांच्या उपासनेच्या, वेळी शेजारच्या माणसाची छत्री माझ्या कानात खुपत होती, आणि तरी रडू आलं. कशाचं, ठाऊक नाही.

परतीच्या एसटीत सवयीने वाक्य काढलं. पहिला मुद्दा आला, दुसराही आला. तिसरा काही केल्या आठवेना. अख्खं राहुरी ओलांडेपर्यंत शोधत होतो, चिडलोसुद्धा. बायको म्हणाली, "तो दोरा काढून टाका ना आता, मळलाय."

"राहू दे," मी म्हणालो.