भट्टीतली ट्यूब नक्की किती वाढते

भोसरीच्या एका छोट्या शॉपमधे हार्डनिंगची (स्टीलचे भाग तापवून कडक करायची) फर्नेस आहे, तिची रेडियंट ट्यूब, म्हणजे भट्टीला उष्णता देणारी नळी, दीड वर्षापूर्वी वाकली, ते डिझाइन माझं होतं आणि ते अजून डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय.

ट्यूब एसएस 310 ची (उष्णता सोसणारं स्टेनलेस स्टील), चेंबरच्या आत 2 मीटर, एक टोक फ्लँजला (बसवायच्या रुंद कड्याला) पक्कं, दुसरं मोकळं. मी डेटाशीट उघडलं, त्यात तापल्यावर लांबी दर मीटरला दर डिग्रीला 15.9 मायक्रॉन वाढते असं लिहिलेलं, भट्टीचं सेटिंग 850, म्हणजे 30 पासून 820 डिग्रीचा फरक, गुणाकार केला तर 26 मिमी आलं, मग मोकळं टोक आणि मागचं कव्हर यांच्यात 30 मिमीची गॅप ठेवली आणि निवांत झालो.

शटडाऊनमधे ट्यूब बाहेर काढली तर धनुष्यासारखी झालेली, आणि मागच्या कव्हरच्या आत टोकाची गोल खूण अगदी स्पष्ट उमटलेली. तिथले फिटर काका म्हणाले, "साहेब, हिला जायला जागाच नव्हती." एवढंच म्हणाले, पण मुद्दा तोच होता.

आता चुकलं कुठे, तर पहिलं म्हणजे तो 15.9 आकडा 100 डिग्रीपर्यंतचा सरासरी आहे. तापमान चढतं तसा तोही चढतो, 900 च्या पुढे 310 साठी सरासरी जवळजवळ 19 धरावी लागते. डेटाशीटमधे हा आकडा कुठल्या रेंजसाठी दिलाय ते शेजारच्या कॉलममधे असतंच, मी ते बघितलंच नाही. दुसरं, 850 हे भट्टीचं तापमान, ट्यूबचं नाही! ट्यूबमधून जॉबकडे (भट्टीत ठेवलेल्या भागांकडे) उष्णता जायची तर ट्यूब जास्त गरम असणारच, नंतर ट्यूबला थर्मोकपल (तापमान मोजायचा सेन्सर) लावला तेव्हा 930 दिसलं. तिसरं, दोन्ही बाजूच्या भिंतीतले 200-200 मिमी मी सोडूनच दिले होते, तिथे सरासरी 500 धरली तरी 3 मिमी निघतात. सगळं धरून आत 34 आणि भिंतीत 3, म्हणजे 37, आणि माझी गॅप 30.

भट्टीचा बाहेरचा पत्रा पण वाढतोच ना असं कुणीतरी विचारतं, पण तो 70 डिग्रीला असतो, त्याचा जेमतेम 1 मिमी. आणि जानेवारीत सकाळी भट्टी 12 डिग्रीवरून सुरू केली काय किंवा मे महिन्यात 38 वरून, फरक 1 मिमीचाच, त्यात डोकं घालू नये.

अडवलेल्या ट्यूबचं काय होतं ते मात्र बघण्यासारखं आहे. साधं स्टील दोन्ही टोकांना घट्ट धरून फक्त 100 डिग्री तापवलं तर साधारण 240 मेगापास्कलचा दाब येतो, म्हणजे माइल्ड स्टीलच्या यील्डला (ज्याच्या पुढे धातू कायमचा वाकतो) जवळजवळ टेकलंच, आणि या हिशोबात लांबी येतच नाही, ट्यूब फूटभर असो की 3 मीटर. आपली ट्यूब तर 900 डिग्रीने चढते, त्यात तापलेल्या धातूची ताकद कितीतरी उतरलेली असते, मग ती वाकणार नाहीतर वेल्डला तडा जाणार.

वरच्या आणि खालच्या बाजूत फरक असेल तर मोकळी ट्यूबसुद्धा वाकते. 150 व्यासाची 2 मीटर ट्यूब, वर-खाली 50 डिग्रीचा फरक, तर मधे 3 मिमी बाक. म्हणून सरकायच्या सपोर्टला वरून पण थोडी जागा ठेवायची, नाहीतर ट्यूब तिथेच अडकते आणि टोकाची गॅप असून उपयोग नाही.

नवीन ट्यूबला 50 ची गॅप ठेवली. काकांनी मोकळ्या टोकाला एक पिन वेल्ड करून कव्हरच्या भोकातून बाहेर काढली आणि थंड असताना तिच्यावर पंचने खूण करून ठेवली. मागच्या महिन्यात भट्टी फुल गरम असताना आम्ही दोघांनी स्केल लावून मोजलं, पिन 36 मिमी सरकली होती.