पुरात जनावर दगावलं तर: पंचनाम्यापासून खात्यापर्यंत माझा अनुभव

सरकारी भरपाईचे दर आधी सांगतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज त्यावरच आहेत. 2022 ते 2026 साठीच्या आपत्ती निधीच्या निकषांत दुधाळ गाय-म्हशीला 37,500 रुपये, ओढकामाच्या बैलाला 32,000, वासराला 20,000, शेळी-मेंढीला 4,000 आणि कोंबडीला 100 रुपये आहेत. मोठी दुधाळ तीन, बैल तीन, शेळ्या-मेंढ्या तीस, कोंबड्यांचे फार तर 10,000, अशी मर्यादा. सप्टेंबर 2025 च्या पुरानंतर राज्याने तीन जनावरांची अट काढली. ती सवलत त्या आपत्तीची. पुढच्या वेळी धरून चालू नका. या पैशात मुऱ्हा जातीची म्हैस परत दावणीला येत नाही हे खरं, पण मिळतंय ते कागदाअभावी सोडायचं कशाला?

जनावर मेलेलं दिसलं की लगेच ओढून पुरायचं नाही. आधी कानातल्या बिल्ल्याचा 12 अंकी नंबर वाचता येईल असा जवळून फोटो, मग गोठा आणि जनावर एकत्र दिसेल असा लांबून एक. फोनचं लोकेशन चालू ठेवायचं. 1 जून 2024 पासून राज्यात बिल्ला नसेल तर भरपाई देय नाही, आणि बिल्ला असूनही भारत पशुधन ॲपवर (बिल्ल्याच्या नंबरावर जनावराची आणि मालकाची सरकारी नोंद असते ते ॲप) जनावर आधीच्या मालकाच्या नावावर राहिलेलं असतं. बाजारातून जनावर आणलं की नाव बदलून घेणं बरेच जण टाळतात, आणि फाईल नेमकी तिथे अडते. विमा असेल तर कंपनी बिल्ल्यासह कान मागते. तो कापण्याआधी फोटो हवाच.

मग तलाठी आणि पशुवैद्यकीय दवाखाना, दोघांना एकाच दिवशी कळवायचं. पंचनामा महसूलचा, शवविच्छेदनाचा दाखला डॉक्टरांचा, आणि दोन्हींत मृत्यूचं कारण जुळायला हवं. एकात ‘पुरात बुडून’ आणि दुसऱ्यात ‘आजाराने’ असेल तर प्रकरण परत येतं. पावसाळ्यात मृतदेह दिवसभरात फुगून सडतो, मग डॉक्टरांना कारण ठामपणे लिहिता येत नाही, म्हणून घाई. वीज पडून मेलेल्या जनावराच्या नाकातून रक्त आलं असेल तर डॉक्टर फाशी रोगाच्या (अँथ्रॅक्स, माणसालाही होणारा जीवघेणा आजार) संशयाने ते उघडणारच नाहीत. त्यांच्याशी वाद घालू नका, ते बरोबर आहेत. जळालेले केस, झाड, आजूबाजूची जमीन यांचे फोटो अशा वेळी कामी येतात. बिबट्याने मारलं तर मात्र हा रस्ता नाही, ते प्रकरण वन खात्याचं.

वाहून गेलेल्या जनावराचं सगळ्यात अवघड. मृतदेह नाही, शवविच्छेदन नाही. अशा वेळी पोलीस पाटील आणि शेजारचे पंच यांचे जबाब, ॲपवरची नोंद, लसीकरणाची नोंद, डेअरीच्या दूधपावत्या, एवढाच आधार. पूर ओसरल्यावर अचानक बंद झालेलं दूध पावतीवर स्पष्ट दिसतं.

पंचनाम्यावर सही करण्याआधी ‘प्रकार’ हा रकाना वाचा. घाईत गाभण कालवड वासरात जाते आणि रक्कम जवळजवळ निम्मी होते. कृत्रिम रेतनाची किंवा गाभणतपासणीची नोंद दाखवून तिथल्या तिथे म्हणणं मांडा. यादी तहसीलला गेल्यावर दुरुस्ती फार रखडते. घराला लागून असलेला गोठा पडला असेल तर त्याचे 3,000 वेगळे, तो त्याच भेटीत लिहून घ्या. पंचनाम्याचा फोटो स्वतःकडे ठेवा.

त्यानंतर पुरायचं: सहा फुटांहून खोल खड्डा, विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब, वर चुना.

यादीत नाव येऊनही पैसे येत नसतील तर बहुतेक वेळा घोळ बँकेत असतो. आधार खात्याला जोडलेलं असणं वेगळं आणि सरकारी रक्कम जमा होण्यासाठी ते खातं निवडलेलं असणं वेगळं. दोन-तीन खाती असलेल्यांचे पैसे भलत्याच जुन्या खात्यात पडलेले असतात, तेव्हा आधी ती पासबुकं भरून बघा. मालक मयत असेल तर वारसाचं आधार आणि इतर वारसांचं संमतीपत्र आधीच तयार ठेवा.