पांढऱ्या भिंतींच्या पलीकडचं डेन्मार्क

कोपनहेगनमध्ये भाड्याचा फ्लॅट ताब्यात घेतला की ओटा, ओव्हन, फ्रिज सगळं जागेवर असतं, पण दिवा एकही नसतो. छतातून नुसती वायरची टोकं डोकावत असतात. जाणारा भाडेकरू आपले दिवे काढून नेतो आणि येणारा आपले घेऊन येतो, हा इथला रिवाज. छताला पंखाही नसल्यामुळे जेवणाच्या टेबलावर बरोबर मधोमध, म्हणजे बसलेल्या माणसाच्या नजरेच्या जरा वर, दिवा टांगायला कुणाची आडकाठी नसते. वायर तिथवर पोचत नसेल तर छतात एक हुक मारतात आणि ती सरळ ओढून आणतात. लोंबती दिसली तरी कुणाला त्याचं काही नाही.

हल्ली पुण्या-मुंबईत 'स्कॅन्डिनेव्हियन इंटिरियर' म्हणून जे करून मिळतं, त्याचे फोटो नातेवाईक मत विचारायला मला पाठवतात. पांढऱ्या भिंती, राखाडी सोफा, फिकट लॅमिनेट आणि फॉल्स सीलिंगमध्ये रांगेने लखलखणारे दिवे. बाकी सगळं ठीक आहे, पण त्या दिव्यांनी सगळा डाव बिघडतो. इथे डिसेंबरच्या मध्यावर सूर्य साडेआठनंतर उगवतो आणि पावणेचारच्या आत मावळतो. उरलेला वेळ दिव्यांवर काढायचा. त्यामुळे इथल्या घरसजावटीची सुरुवात उजेडापासून होते, आणि हा उजेड वरून ओतलेला नसतो. टेबलावर एक, खुर्चीशेजारी एक, खिडकीत एक असा तो खोलीभर ठिकठिकाणी ठेवलेला असतो.

याचं शास्त्र बसवलं पॉल हेनिंगसेन या माणसाने. विजेचा उघडा बल्ब डोळ्यांत घुसतो, हा त्याचा राग. एकाखाली एक अशा तीन शेड त्याने अशा वळवल्या की बल्ब कुठूनच दिसू नये आणि उजेड मात्र मऊ होऊन खाली यावा. हे १९२० च्या दशकातलं काम. १९५८ मध्ये त्याचा 'पीएच ५' आला. नावातला ५ म्हणजे मोठ्या शेडचा ५० सेंटिमीटर व्यास. आत लाल आणि निळ्या रंगाचे छोटे भाग आहेत, उजेडाचा रंग डोळ्यांना सुखद व्हावा म्हणून. टेबलापासून साधारण ६० सेंटिमीटरवर टांगला की ताटावर उजेड, समोरच्याचा चेहरा नीट दिसतो आणि कोपऱ्यात अंधार राहतो. तो अंधार मुद्दाम ठेवलेला असतो, हे मला पटायला वेळ लागला. लहानपणापासून अंधारा कोपरा दिसला की ट्यूब लावायची एवढंच ठाऊक!

पण डेन्मार्क कायम असं मोकळं-ढाकळं नव्हतं. नॅशनल म्युझियमने १८९० च्या सुमारास सजवलेलं एका श्रीमंत व्यापारी कुटुंबाचं राहतं घर जसंच्या तसं जपलंय. क्लुंके शैली म्हणतात ती हीच. जाड मखमली पडदे, त्यांना गोंडे, गडद कोरीव लाकूड, टेबलावर कापड, कापडावर आणखी कापड, आणि टेकायला जागा शिल्लक राहू नये इतक्या वस्तू. आपल्या जुन्या वाड्यांतल्या दिवाणखान्यांत झुंबरं-तसबिरींची जी गर्दी असायची, तिच्याशी या घराचं चांगलं जमलं असतं.

या सगळ्यावर झाडू फिरवला तो १९३० च्या दशकातल्या फुंकिसने, म्हणजे फंक्शनॅलिझमने: आधी उपयोग, नक्षी नको. शहराच्या उत्तरेला क्लाम्पेनबोर्गला वास्तुविशारद आर्ने याकोब्सनची १९३४ ची बेलाविस्टा वसाहत आजही समुद्राकडे तोंड करून पांढरीशुभ्र उभी आहे. बाहेरून काँक्रीटचा आव आणला असला, तरी गिलाव्याआड बऱ्याच विटा आहेत.

मला स्वतःला जवळचा वाटतो तो त्यानंतरचा काळ, चाळीस ते साठच्या दशकांतला. ब्योर्गे मोगेन्सनने १९४७ मध्ये जे-३९ नावाची साधी खुर्ची केली, ती इथल्या सहकारी ग्राहक चळवळीच्या फर्निचर विभागासाठी. सामान्य घरात परवडावी, टिकावी, हीच अट होती. बैठक कागदी दोरीने विणलेली. युद्धात दोरीसाठीचं समुद्री गवत मिळेनासं झालं, म्हणून कागदाला पीळ देऊन दोरी केली, आणि टंचाई संपल्यावरही ती राहिली. हान्स वेग्नरची १९४९ ची वाय आकाराच्या पाठीची खुर्ची याच दोरीची. एका बैठकीला सुमारे १२० मीटर दोरी लागते. चार कोपऱ्यांतून मध्याकडे येणारी ती वीण हाताने चाचपून पाहिली की घट्टपणा कळतो. वेग्नरच्या या खुर्चीची मूळ प्रेरणा चीनमधल्या मिंग राजवटीच्या काळातल्या खुर्च्यांची, तेव्हा 'अस्सल स्कॅन्डिनेव्हियन' या शिक्क्यात फार तथ्य नाही.

साग तर आपल्या भागातला. इथल्या ईस्ट एशियाटिक कंपनीचा सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, सागाचा व्यापार मोठा होता, आणि १९५०-६० च्या दशकांतली डॅनिश कपाटं, टेबलं सागाची निघतात ती उगाच नव्हे. जुन्या सामानाच्या दुकानात त्या कपाटाचा खण ओढला की ओळखीचा तेलकट वास येतो. फिकट लाकडाची हौस त्यामानाने अलीकडची.

मधल्या काळात वेर्नर पँटन या डिझायनरने सगळ्यांना वेडावून दाखवलं. अख्खी एकसंध प्लास्टिकची खुर्ची, जांभळ्या-नारिंगी गुहेसारख्या खोल्या. त्या खुर्चीचं नियमित उत्पादन १९६७ पासून सुरू झालं. घरात त्या गुहा कुणी फारशा केल्या नाहीत, पण खुर्ची मात्र टिकली. सध्या दुकानांत जपानी आणि नॉर्डिक यांची मिसळ, 'जपान्डी' म्हणून जोरात आहे: ठेंगणं फर्निचर, मातकट रंग. दिसायला शांत, किमतीला मुळीच नाही.

आता ज्यांना विचारायचं आहे त्यांच्यासाठी. जमीन फिकट लाकडाची करून साबणाच्या चुऱ्याने धुवायची इथली पद्धत आपल्याकडे पावसाळ्यात कितपत निभेल, शंका आहे. फरशीच बरी. उघड्या फळ्या इथे शोभतात, हायवेलगतच्या फ्लॅटमध्ये रोज धूळ पुसायची तयारी हवी. भिंती पांढऱ्या करा की पिवळ्या, फार फरक पडत नाही. सीलिंगचा खर्च मात्र कमी करा आणि इलेक्ट्रिशियनला प्लास्टरच्या आधीच सांगा: जेवणाच्या टेबलावर वेगळा पॉइंट, त्याचं बटण वेगळं, सोफ्याच्या दोन्ही बाजूंना प्लग, आणि पंखा टेबलापासून जरा लांब, नाहीतर लटकता दिवा हलत राहील.